इंग्रजी लिहायला घाबरता? आधी या चुका टाळा

गोव्यात पेडणे, डिचोली, सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकलेली, आज पस्तिशी-चाळिशीत असलेली कितीतरी माणसं कामावर व्यवस्थित इंग्रजी बोलतात. पर्यटकाला रस्ता सांगतात, इंजिनियरला मशीनचा बिघाड समजावून देतात. मेल लिहायची वेळ आली की मात्र शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारतात आणि म्हणतात, ‘माझं इंग्रजीच कच्चं.’ हे निदान चुकीचं आहे. सगळं इंग्रजी कच्चं नसतं. प्रत्येकाच्या आठ-दहा ठरावीक जागा कच्च्या असतात आणि पाय तिथंच घसरतो. त्या जागा शोधायचं सोडून लोक ‘२१ दिवसांत इंग्रजी’वाल्यांकडे पैसे भरतात, ते बघून जीव जळतो.

‘पर्यंत’ आणि ‘पासून’

‘दोनपर्यंत खोली तयार होईल’ आणि ‘दुकान आठपर्यंत उघडं असतं’ या दोन्ही वाक्यांना मराठीत एकच अव्यय चालतं. घरी कोंकणी बोलणाऱ्यांचं ‘मेरेन’ही तसंच. इंग्रजीला दोन वेगळे शब्द लागतात. काम अमुक वेळेच्या आत व्हायचं असेल तर ‘बाय’, आणि एखादी गोष्ट अमुक वेळेपर्यंत चालू राहणार असेल तर ‘अंटिल’.

कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवरच्या मुलाने पाहुण्यांना मेसेज पाठवला: ‘युअर रूम विल बी रेडी अंटिल टू पीएम.’ दोननंतर खोली मिळणार नाही, असाच त्याचा अर्थ होतो आणि पाहुण्यांनी तोच घेतला. मोपा विमानतळावर उतरल्यावर जेवण टाळून, मिळेल त्या भाड्याने टॅक्सी करून ते साडेबाराला पोचले, तर खोलीची सफाई अजून चाललेली. लहान मुलं आणि सामान घेऊन दीड तास लॉबीत बसले आणि वैतागून ऑनलाइन तक्रार लिहून मोकळे झाले. एक शब्द समजावून द्यायला दोन मिनिटं लागली असती. त्याऐवजी मॅनेजरने तयार मेसेजांचा कागद त्या मुलाच्या हातात ठेवला आणि यापुढे यातलंच पाठवायचं असं बजावलं. ‘अंटिल’ची चूक कुणी दुरुस्त केलीच नाही. मुलाचा लिहिण्याचा धीर तेवढा गेला.

उपाय सोपा आहे. ‘पर्यंत’ मनात आलं की त्याजागी ‘च्या आत’ घालून पाहा. ‘दोनच्या आत खोली तयार होईल’ हे जमतं, म्हणून ‘बाय’. ‘दुकान आठच्या आत उघडं असतं’ हे जमत नाही, म्हणून ‘अंटिल’.

‘पासून’चंही तेच. सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स २०१९’, मधला काळ मोजायचा असेल तर ‘फॉर फाइव्ह इयर्स’. वेर्णाच्या कारखान्यांत जाणाऱ्या अर्जांत ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य हमखास सापडतं. त्यात ‘सिन्स’ही चुकलंय आणि क्रियापदही. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं लिहा.

मोबाइलकडून साफ करून घेणे

आधी मराठीत अख्खं पत्र लिहायचं, ॲपकडून भाषांतर करून घ्यायचं आणि न वाचता पाठवायचं. नाहीतर स्वतःचं मोडकंतोडकं इंग्रजी ॲपला द्यायचं आणि आलेलं चकचकीत पत्र पुढे ढकलायचं. काम होतं, हे खरं. पण वर्षभर असं केल्यावरही हात तिथंच अडतो, कारण चूक कुठं होती ते डोळ्यांनी पाहिलेलंच नसतं. घाई करणाऱ्यांना हे सांगून सांगून घसा बसायची वेळ येते.

ॲप वापरायचंच असेल तर त्याला नवं पत्र मागू नका. ‘फक्त चुका दाखव, वाक्यं बदलू नकोस’ असं सांगा. मग वही उघडा. डाव्या पानावर आपलं वाक्य, उजव्या पानावर दुरुस्त वाक्य, दोन्ही हाताने लिहायची. ती चूक कोणत्या जातीची ते समासात लिहा: काळ, अनेकवचन, ‘अ’ किंवा ‘द’, शब्दयोगी अव्यय. आठवड्याने डावं पान झाकून ते वाक्य नव्याने लिहा. दोन-तीन आठवड्यांत कुठली जात सारखी येते ते दिसतं. मग पुढचा आठवडाभर तेवढीच तपासा, बाकीच्या चुका राहू द्या. सगळ्या एकदम सुधारायला गेलं की माणूस चौथ्या दिवशी वही मिटतो.

‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून ते गळतात. लिहून झाल्यावर मोजता येणाऱ्या प्रत्येक एकवचनी नामाभोवती गोल करा. त्याच्याआधी ‘अ’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’ असं काहीच नसेल तर बहुतेक वेळा काहीतरी राहिलंय. पहिल्यांदा आलेल्या वस्तूला ‘अ’, तीच पुन्हा आली की ‘द’. एवढ्यावर बरंचसं काम भागतं.

‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘डिड नॉट’नंतर ‘वेंट’ नाही, ‘गो’. ‘इन्फर्मेशन’, ‘लगेज’, ‘फर्निचर’ यांना शेवटी ‘स’ लागत नाही. ‘वन ऑफ माय’नंतर ‘फ्रेंड्स’. ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू केलं तर पुढे ‘बट’ नको. ‘जरी-तरी’ची जोडी इथं चालत नाही. वाक्य १५ शब्दांच्या पुढे गेलं की तोडा.

‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ हे आता सोडा. कुणाकडे भीक मागायची नाहीये. पहिल्याच ओळीत काय हवंय ते लिहा. आणि सरकारी कामाचा अर्ज असेल तर १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात मराठीलाही जागा दिली आहे. तो अर्ज मराठीतच करा आणि इंग्रजीचा सराव रोजच्या मेलवर करा.

सरावाला नमुना हवा असेल तर पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन इथल्या इंग्रजी दैनिकांतली वाचकांची पत्रं वाचा. विषय आपलेच असतात: रस्ते, पाणी, कचरा. एका पत्रातले मुद्दे चार-पाच शब्दांत टिपा, दोन दिवस जाऊ द्या, मग त्या टिपणांवरून पत्र पुन्हा लिहून मूळ मजकुराशी ताडून बघा. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी अशाच पद्धतीने लेखन सुधारलं होतं. रोज १५ मिनिटं, आठ ओळी. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा हे टिकतं.

आणि मेल लिहिताना पत्ता सगळ्यांत शेवटी टाका. आधी मजकूर, मग तो मोठ्याने वाचणं, मग शेवटच्या वाक्यापासून वर एकेक वाक्य तपासणं, आणि त्यानंतर पत्ता. म्हणजे अर्धवट मेल चुकून साहेबांकडे जात नाही.