‘बाय’ की ‘अंटिल’? ‘पर्यंत’चं इंग्रजी करताना या चुका टाळा

‘पाचपर्यंत थांबतो’ आणि ‘पाचपर्यंत पोहोचतो’. पहिल्या वाक्यात थांबणं पाच वाजेस्तोवर चालूच राहतं. दुसऱ्यात पोहोचणं एकदाच घडतं, पाचला किंवा त्याआधी. इंग्रजीत पहिल्याला ‘अंटिल’ किंवा ‘टिल’ लागतं, दुसऱ्याला ‘बाय’. तरी ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असे मेल रोज जातात. त्याचा अर्थ होतो, शुक्रवार उजाडेस्तोवर पाठवणं सुरूच राहील! इथे ‘बाय फ्रायडे’ हवं.

‘मुदत दिसली की बाय’ हा शॉर्टकट घाईच्या विद्यार्थ्यांना फार आवडतो आणि तोच त्यांना ‘द ऑफिस इज क्लोज्ड बाय मंडे’ लिहायला लावतो. तारखेकडे नव्हे, क्रियापदाकडे बघा. वेट, स्टे, वर्क ही चालू राहणारी. सेंड, सबमिट, पे, फिनिश ही एकदाच होणारी.

सगळ्यात महागात पडतो तो नकार. काम शुक्रवारपर्यंत होणार नाही, हे परदेशातल्या ग्राहकाला कळवायचं असतं आणि मेल जातो, ‘वुई कान्ट डिलिव्हर इट अंटिल फ्रायडे’. ग्राहक वाचतो : आधी नाही, पण शुक्रवारी नक्की मिळेल. तो शुक्रवारी आपली माणसं तयार ठेवतो, काम येत नाही आणि शब्द मोडल्याचा ठपका बसतो. ‘कान्ट डिलिव्हर इट बाय फ्रायडे’ लिहिलं असतं, तर शुक्रवार हुकणार हे त्याला आधीच कळलं असतं. अशा वेळी नकारी वाक्य टाळून ‘यू विल गेट इट ऑन मंडे’ असं थेट लिहावं.

‘जोपर्यंत तू येत नाहीस’मधला ‘नाही’ इंग्रजीत न्यायचा नाही. ‘अंटिल यू डोन्ट कम’ चूक, ‘अंटिल यू विल कम’ही चूक. ‘अंटिल यू कम’ एवढंच पुरतं. ‘बाय’पुढे मात्र असं वाक्य जोडता येत नाही, तिथे ‘बाय द टाइम यू कम’ म्हणावं लागतं.

रजेच्या मेलमध्ये ‘ऑन लीव्ह टिल मंडे’ लिहिलं, की सोमवारी माणूस जागेवर असेल की नाही ते कळत नाही. ‘बॅक ऑन ट्यूजडे’ लिहा.

‘स्टेशनपर्यंत चालत गेलो’ला ‘टिल’ नको, ‘ॲज फार ॲज द स्टेशन’ म्हणा. आणि स्पेलिंग : ‘टिल’ला शेवटी दोन एल, ‘अंटिल’ला एकच.