जुना बोल्ट पुन्हा वापरायचा की नाही, हे कसं ठरवावं

आवळलेला बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. पाना फिरवला की तो किंचित लांबतो, आणि आखडायच्या त्याच्या ओढीमुळेच दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबून राहतात. ताण मर्यादेत राहिला तर सोडल्यावर बोल्ट मूळ लांबीवर येतो. मर्यादा ओलांडली तर मात्र कायमचा लांबतो, मग वरून कितीही चकचकीत दिसो.

म्हणून आधी मॅन्युअल उघडा. टॉर्कच्या, म्हणजे पाना पिळायच्या जोराच्या, आकड्यानंतर अंश (त्यापुढे आणखी किती फिरवायचं) दिले असतील, समजा ‘40 न्यूटन-मीटर, मग 90 अंश’, तर तो बोल्ट बहुतेक वेळा मुद्दाम त्या मर्यादेपर्यंत ताणलेला असतो. सिलिंडर हेड आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत असेच असतात. तिथे नवेच घाला. काही उत्पादक कमाल लांबी देतात. ती दिली असेल तरच व्हर्नियरने (अचूक मोजपट्टीने) मोजून निर्णय घ्या.

बाकीच्या बोल्टचे आटे वायर ब्रशने साफ करा, जुन्या थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ नयेत म्हणून लावलेल्या गोंदाचा) कण राहू देऊ नका. मग नवा नट बोटांनी शेवटपर्यंत फिरवा. मध्येच अडला तर आटा चेपलाय किंवा बोल्ट लांबलाय. खात्रीसाठी त्याच मापाचा नवा बोल्ट शेजारी धरा, आटे एकमेकांत बसवा आणि उजेडाकडे करून बघा. एम10 च्या, म्हणजे 10 मिमी जाडीच्या, नेहमीच्या बोल्टला दोन आट्यांत 1.5 मिमी अंतर असतं. एका टोकाला आटे नीट बसले आणि पुढे फट वाढत गेली, तर बोल्ट ताणलाय. नट जिथे संपत होता त्याच्या आसपास कंबर बारीक झाली असेल, तर पुढे तपासायची गरजच नाही. नट अडणारा बोल्ट डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून चालता करू नका. धातू कापला जातो आणि खरा दोष झाकला जातो.

डोक्याखालची कड आणि नटात शिरणारा पहिला आटा भिंगाने बघा. तडे बहुधा तिथूनच सुरू होतात. वरवरचा गंज ब्रशने निघाला तर हरकत नाही, पण खड्डे पडले असतील तर बोल्ट बाद. डोक्यावर 10.9 किंवा 12.9 ही जास्त मजबुतीची ग्रेड लिहिलेले बोल्ट गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवू नका. हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होतात आणि नंतर अचानक तुटतात.

स्प्लिट पिन आणि चेपणारे वॉशर दर वेळी नवे. नायलॉक नट (सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनचं कडं असलेला) त्या कड्यातूनही बोटांनी फिरत असेल तर त्याची पकड गेली.

ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन, वजन उचलण्याची साधनं: इथे जराशी शंका आली तरी बदला, आणि त्याच ग्रेडचा घ्या. 8.8 चा बोल्ट साधारण 640 मेगापास्कल ताणापर्यंत कायमचा लांबत नाही. खूण नसलेल्या बोल्टबद्दल असं काहीच सांगता येत नाही.

परत बसवताना आटे कोरडे हवेत की तेल लावलेले, हे नक्की बघा. टॉर्कचा जवळजवळ 90 टक्के भाग घर्षणातच जातो. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेलकट बोल्टला लावला, तर तो गरजेपेक्षा फार ताणला जातो. चांगले बोल्ट असेही वाया जातात.

बाद केलेल्या बोल्टचे आटे लगेच ग्राइंडरने घासून टाका, म्हणजे तो चुकूनही चांगल्यांच्या डब्यात परत जाणार नाही.