रेंजरला घर द्या: पात्राचं कुटुंब कसं रचावं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकून, गोष्ट रचत खेळायच्या खेळात रेंजर, म्हणजे रानात वावरणारा, माग काढणारा योद्धा, हे पात्र घेतलं की बरेच जण एकच बॅकस्टोरी (पात्राची आधीची गोष्ट) लिहितात: गाव जळालं, आईवडील मारले गेले, मी एकटाच रानात वाढलो. मला हे मनापासून खटकतं. सगळे मेले की डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या, हाताला काही लागत नाही. रेंजरला जितीजागती माणसं द्या.

आधी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहायचा कागद, पुढ्यात घ्या. २०१४ च्या नियमांनुसार पहिल्याच लेव्हलला (पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीवर) दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. नॅचरल एक्सप्लोरर म्हणजे रेंजरच्या पायाखालचा मुलूख: रान, डोंगर, दलदल, किनारा वगैरे. आणि फेवर्ड एनिमी म्हणजे ज्याचा माग काढण्यात तो तरबेज आहे तो शत्रू. दोन्हींपुढे पेन्सिलीने लिहा: हे कोणी शिकवलं?

माझ्या रेंजरचा मुलूख दलदलीचा, म्हणून तिची आई नावाडी केली. पहाटेच्या धुक्यात आई काठी पाण्यात रोवायची, वर काढून टोकाचा चिखल लेकीला चिमटीत धरायला लावायची. कण बोटांना टोचले तर खाली पाय ठरेल, लोण्यासारखा लागला तर लांबून जायचं. आता डीएमने सर्व्हायव्हलचा, म्हणजे रानात तग धरण्याच्या कौशल्याचा, फासा टाकायला सांगितला की मी आधी चिखल चिमटीत धरते.

मग भाषेकडे वळा. निवडलेला शत्रू एखादी भाषा बोलत असेल, तर ती रेंजरलाही येते. ही ओळ भरून लोक पुढे जातात, पण सगळ्यात चांगली गोष्ट इथेच दडलेली असते. शत्रूची भाषा घरात आली कशी? मी शत्रू म्हणून गॉब्लिन आणि ऑर्क या खेळातल्या दोन काल्पनिक जमाती घेतल्या. गॉब्लिन रात्री आईच्या होडीतून पलीकडे जायचे, भाडं म्हणून मीठ द्यायचे. होडीच्या टोकाशी बसलेली पोर ऐकून ऐकून त्यांची बोली शिकली. एका रात्री थोरला भाऊ त्यांच्यासोबत गेला तो परतलाच नाही. तो कुठे आहे, हे मी डीएमवर सोडलं. तुम्हीही असा एक धागा मोकळा ठेवाच.

बॅकग्राउंड (पात्राची पार्श्वभूमी) म्हणून आउटलँडर, म्हणजे वस्तीपासून दूर वाढलेला, घेतलंत तर सामानात एक काठी मिळते. माझ्या शीटवर ती आईच्या जुन्या होडीची, कापून आखूड केलेली. सामानातल्या एका तरी वस्तूला घरचा असा हात लागू द्या. हंटर की बीस्ट मास्टर, या रेंजरच्या दोन वाटांपैकी कोणती, हे तिसऱ्या लेव्हलला बघता येतं, त्याची आत्ता घाई नको.

हे सगळं अर्ध्या पानात बसवून पहिल्या सत्राआधी डीएमला द्या. शीटच्या मागे एवढंच लिहून ठेवा: घरी शेवटचा निरोप कधी धाडला? पहिल्या गावात मुक्काम पडला, की घराकडे जाणारं कोणी भेटतंय का ते विचारा.