परागंदा कारागिराची कथा लिहिताना

खानदेशातून पळून जाऊन परक्या शहराच्या गुन्हेगारी जगात जम बसवणाऱ्या माणसाची कथा लिहायची असेल, तर पिस्तूल आणि पाठलाग यांचा मोह टाळून आधी त्याच्या हातातला हुन्नर ठरवावा, कारण कागदपत्रे नसलेल्या माणसाला टोळी पोसते ती केवळ त्या हुन्नरासाठी. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर दुबईतील देरा भागात पोहोचला, असे समजा. कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, उमटलेल्या रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब सोडायचा आणि रेघ टिकते की विरते यावरून सोन्याचा कस ओळखायचा, हे त्याचे काम बारकाईने लिहावे. चोरट्या सोन्याच्या व्यापाऱ्याला त्याची गरज का आहे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

त्याला धाक बसतो तो चाकूचा नव्हे, तर मालकाच्या कपाटात अडकलेल्या पासपोर्टचा. मजुरी बुडाली तरी तो पोलिसांकडे जाऊ शकत नाही, आणि माझ्या मते कथेतला खरा जुलूम इथेच आहे. शहरही त्याच्या खिशाला परवडेल तेवढेच दाखवावे: एका दिरहमात खाडी ओलांडणारी अब्रा नाव दिसावी, गगनचुंबी इमारती दूरच राहाव्यात.

मागे राहिलेले घर विसरू नये. श्रावणात खानदेशची देवी कानबाई हिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या पुरुषांच्या आणि मुलांच्या नावाने मूठमूठ धान्य घेतात; ओट्यावर हवालदार बसलेला असताना आई पळालेल्या मुलाच्या नावाची मूठ घेते की नाही, हा प्रसंग मन लावून लिहावा. तिचे बोलणे अहिराणीत, म्हणजे खानदेशी बोलीतच ठेवावे. मुलगा मात्र तिकडे अहिराणी कानावर पडताच मान खाली घालून निघून जाईल, कारण गावाकडचा माणूस भेटणे हीच त्याची सर्वांत मोठी भीती असते.

कायद्याच्या बाबतीत ढिलाई करू नये. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे फरार माणसाला शोधून तात्पुरते अटकेत ठेवण्याची देशोदेशींच्या पोलिसांना केलेली विनंती; ते आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट नव्हे. तिला किती वजन द्यायचे, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानुसार ठरवतो. भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील प्रत्यार्पण करार १९९९ मध्ये झाला आणि २००० पासून लागू झाला. याच वाटेने ऑगस्टा वेस्टलँड हेलिकॉप्टर खरेदी प्रकरणातील आरोपी ख्रिश्चन मिशेल याला डिसेंबर २०१८ मध्ये दुबईहून भारतात आणले गेले. त्यामुळे नायक १९८५ मध्ये पळाला की २०१५ मध्ये, हे पहिले पान लिहिण्यापूर्वीच पक्के करावे.