गैरव्यवहाराची तक्रार करण्यापूर्वी सरकारी कर्मचाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

आपल्याच कार्यालयातील भ्रष्टाचार उघड करू पाहणारे अनेक कर्मचारी तक्रारीत ‘जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायद्या’चा हवाला देतात आणि खाली ठळक अक्षरांत स्वतःचे नाव, पदनाम लिहितात. हा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्याला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली; परंतु तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही. लोकसभेने २०१५ मध्ये संमत केलेले दुरुस्ती विधेयक तर होते ते संरक्षणही आक्रसणारे होते. ते राज्यसभेत पडून राहिले आणि २०१९ मध्ये व्यपगत झाले. जो कायदा लागूच नाही, त्याच्या भरवशावर नाव उघड करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

आज हाताशी आहे तो तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याबाबतचा केंद्र सरकारचा २००४ चा ठराव, आणि तोही एका तरुण अभियंत्याचा जीव गेल्यानंतर आलेला. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातील गैरप्रकारांबद्दल सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावानिशी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. तपास यंत्रणेने ती लुटीच्या उद्देशाने झाल्याचा निष्कर्ष काढला. तरीही गुप्ततेची विनंती पायदळी तुडवली गेली, ही वस्तुस्थिती त्याने पुसली जात नाही.

या ठरावानुसार तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे, बंद पाकिटात टपालाने पाठवावी लागते. पाकिटावर ही जनहितार्थ प्रकटनाची तक्रार असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा, मात्र पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता नको. तो आतील पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा स्वतंत्र कागदावर असावा, म्हणजे उरलेला मजकूर त्याविना पुढे पाठवता येतो. निनावी तक्रार घेतली जात नाही. खरी गफलत होते ती मजकुरात. ‘मी या देयकावर आक्षेप नोंदवला तेव्हा साहेबांनी मला दालनात बोलावले’ असे एक वाक्य लिहिले, की नाव काळे करूनही उपयोग राहत नाही. जी नस्ती (फाइल) केवळ आपल्याच टेबलावरून गेली, तिची छायाप्रत जोडणे म्हणजे सही करण्यासारखेच आहे. त्याच तक्रारीच्या प्रती मंत्री, वरिष्ठ आणि वृत्तपत्रांना धाडल्या, तर गुप्तता आपणच संपवलेली असते. शिवाय कागदपत्रे बाहेर दिल्याबद्दल वर्तणूक नियमांखाली कारवाई करण्याचे आयते निमित्त कार्यालयाला मिळते.

हा ठराव राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही. त्यामुळे जिल्हा परिषदेतील किंवा तहसील कार्यालयातील गैरव्यवहाराची तक्रार दिल्लीला पाठवून काही हाती लागत नाही. लोकायुक्त आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हे मार्ग खुले आहेत, पण तेथे या ठरावाचे कवच नाही, हे जाणूनच पाऊल उचलावे.

सूड क्वचितच सूड म्हणून येतो. तो मुदतपूर्व बदली, सक्तीची प्रतीक्षा (नेमणूक न देता ताटकळत ठेवणे), खराब गोपनीय अहवाल किंवा पाच वर्षांपूर्वीच्या किरकोळ त्रुटीवरील कारणे दाखवा नोटीस या रूपांत येतो. एम्समधील गैरव्यवहार उघड करणारे, तेथील मुख्य दक्षता अधिकारी राहिलेले संजीव चतुर्वेदी यांना २०१५-१६ च्या मूल्यमापनात शून्य गुण मिळाले; न्यायालयांनी त्यांची बाजू उचलून धरत प्रतिपक्षाला दंडही केला, पण तो दिवस उजाडेपर्यंत काही वर्षे गेली होती. म्हणून तक्रारीपूर्वीच आपले जुने अहवाल, रजेची मंजुरी आणि हाताळलेल्या कामांच्या नोंदी व्यवस्थित करून ठेवाव्यात.

महाराष्ट्रात येथे २००५ चा बदल्यांचा अधिनियम कामी येतो. पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असून मुदतपूर्व बदलीसाठी लेखी कारणे आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. बदलीचा आदेश हाती पडताच त्या प्रस्तावाची टिप्पणी माहिती अधिकारात मागवावी. कारणांच्या जागी ‘प्रशासकीय कारणास्तव’ एवढेच लिहिलेले आढळले, तर तोच कागद मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) आपल्या बाजूने बोलतो. निलंबन झाले असेल आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नसेल, तर ते पुढे लांबवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अजयकुमार चौधरी प्रकरणात म्हटले आहे.

इतके असूनही अनेक जण वरिष्ठांकडे अभिवेदनामागून अभिवेदने (दाद मागणारे लेखी अर्ज) देत बसतात, कारण ‘साहेब सकारात्मक आहेत’ असे त्यांना सांगितले जाते. मॅटमध्ये जाण्याची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची आहे. अभिवेदनावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही, तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्ष मिळते. त्यानंतर पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ही मुदत वाढत नाही. म्हणून पहिल्या अभिवेदनाची आवक क्रमांकासह पोच त्याच दिवशी घ्यावी आणि मुदतीचे दिवस त्या तारखेवरून मोजावेत.