पावसाळ्यातला काढा: या चुका टाळा

जून लागला की दादरच्या बाजारात गुळवेलीच्या काड्या आणि गवती चहाच्या जुड्या घेताना बायका दिसतात. आमच्याकडेही काढ्याचं पातेलं चढतं. मुलांची सर्दी सारखी उलटते, म्हणून रोज घोटभर.

सासूबाईंचं ब्लडप्रेशर मात्र गोळी वाढवूनही उतरेना, पाय सुजायला लागले. "घरगुती काही घेता का?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काढ्याचा विषय निघाला. दोन महिने, रोज दोन वेळा, आणि त्यात भरपूर ज्येष्ठमध. त्यातलं ग्लिसिरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं. काढा थांबवला, आणि काही आठवड्यांत प्रेशर ताब्यात आलं. काढ्याला औषध न समजणं आणि डॉक्टरांपासून तो लपून राहणं, माझ्या मते हीच सगळ्यात मोठी चूक. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हळदीच्या कॅप्सूलबद्दलही आधी विचारा.

दुसरी चूक गुळवेलीची. २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: ती भलतीच वेल असू शकते. पण घेणाऱ्याने दोन्ही बाजूंनी जपावं. खऱ्या गुळवेलीची साल कागदासारखी पातळ सुटते, आत हिरवं दिसतं. काडीवर चामखिळीसारखे दाट उंचवटे असतील तर ती घेऊ नका. ऑटोइम्यून आजार (ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) किंवा यकृताचा त्रास असेल तर गुळवेल नकोच. भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळसर दिसले, तर त्याच दिवशी काढा बंद आणि यकृताची तपासणी.

सर्दीचे विषाणू दोनशेहून जास्त आहेत. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच, त्यात काढा फसला असं काही नाही. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत विषाणूंना रोखतं, पण पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. कोमट काढ्याने घशाला आराम मिळतो, तेवढ्यासाठी तो जरूर घ्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र त्यातला मध अजिबात नको.

आणि ताप दोन दिवसांवर गेला तर पातेलं बाजूला ठेवून मलेरिया-डेंग्यूची तपासणी करा. तुंबलेल्या पाण्यातून चालून आला असाल, तर ताप यायची वाटही न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठा. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस) प्रतिबंधक गोळी असते.