पुढचं चाक काढताना गाडी जॅकवरून सरकत असेल तर

लक्षण: मेन स्टँडवरची मोटरसायकल इंजिनाखाली कारचा कैची जॅक लावून उचलली की एका बाजूला कलते, आणि अ‍ॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाला जोर दिला की पुढे सरकून स्टँडच दुमडायला बघते.

आधी विटांचा टेकू देऊन पाहिला, तो हलला; जॅकवर रबरी चटई ठेवली, ती घसरली. अख्खा रविवार वैतागात गेला.

जमलं ते असं. ही डबल क्रेडल फ्रेमची गाडी आहे, म्हणजे इंजिनाखालून दोन नळ्या जातात. वजन त्या नळ्यांवरच घ्यायचं; ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि सायलेन्सरचा पाइप यांना जॅक लागता कामा नये. दोन्ही नळ्यांखाली आडवी पुरेल अशी जाड सागवानी फळी घेतली, नळ्या बसतील तिथे कानशीने खाचा केल्या. सगळा फरक या खाचांनीच पडला.

आधी सपाट फरशीवर, दोन्ही चाकं टेकलेली असताना अ‍ॅक्सलचा नट फक्त ढिला केला. मग मेन स्टँड लावून तो पट्ट्याने फ्रेमच्या पुढच्या नळीला आवळून बांधला, म्हणजे मागे दुमडत नाही. त्यानंतर फळी, तिच्या मधोमध जॅक. चाक मोकळं फिरेल इतकंच उचललं आणि मागच्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले.

डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना पुढच्या ब्रेकचा लिव्हर दाबू नका, ब्रेकचे पॅड (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पट्ट्या) एकमेकांना चिकटतात; त्यांच्यामध्ये पुठ्ठा अडकवा. चाक बसवल्यावर नट हाताने फिरवा, गाडी खाली घेऊन मगच शेवटचा आवळा. निघण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा.